एका कार्डावर दोन शब्द

प्रश्न : माझे आजोबा पुण्यात राहून संस्कृत घेऊन एम. ए. झाले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जाड वही सापडली. पहिल्या पानावर इंग्रजीत ‘फिलॉलॉजी, १९३८’ असं लिहिलं आहे आणि आत शब्दांच्या उभ्या रांगा आहेत. माझा मुलगा दिल्लीला भाषाविज्ञानात एम. ए. करतो. तो म्हणाला, “बाबा, हा शब्द आता कुणी वापरत नाही. ते सगळं मागे पडलं.” ताई, फिलॉलॉजी म्हणजे नेमकं काय? मराठीत तिला काय म्हणायचं? आणि या वहीचा आता काही उपयोग आहे का? जुनं घर रिकामं करतो आहोत, म्हणून विचारलं. सोबत दोन पानांचे फोटो पाठवतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : वही टाकू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी सांगितलं पाहिजे, कारण घर रिकामं करताना माणसं घाईत असतात आणि रद्दीवाला दारात उभा असतो.

तुमच्या मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. शब्द खरंच मागे पडला आहे. मी तेहतीस वर्षं ग्रंथालयात काम केलं, त्यातली वीस तालिकेच्या टेबलावर. तालिका म्हणजे ती लाकडी कपाटं, छोटे छोटे खण आणि खणात तीन बाय पाच इंचांची कार्डं. प्रत्येक कार्डाच्या खालच्या बाजूला मधोमध भोक आणि त्यातून गेलेली सळई. आलेलं पुस्तक कुठल्या विषयाखाली बसवायचं हे ठरवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे विषयांची नावं कशी म्हातारी होतात हे मी फार जवळून पाहिलं आहे. मेलव्हिल ड्यूईने १८७६ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची जी पद्धत छापली, तिच्यात ४०० या आकड्याचं नाव ‘फिलॉलॉजी’ होतं. पुढच्या आवृत्त्यांत तिथे ‘लँग्वेज’, म्हणजे भाषा, आलं. आकडा तोच राहिला, पाटी बदलली. आजही मराठी भाषेवरचं पुस्तक ४९१.४६ वर बसतं.

एक कार्ड मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. सुमित्र मंगेश कत्रे यांचं पुस्तक, मुंबई विद्यापीठाने १९४४ मध्ये छापलेलं. शीर्षकात ‘हिस्टॉरिकल लिंग्विस्टिक्स’ आणि त्याच्याच खाली मालेचं नाव ‘विल्सन फिलॉलॉजिकल लेक्चर्स, १९४१’. जुना शब्द आणि नवा शब्द, एका कार्डावर, एका बोटाच्या अंतराने. तुमच्या आजोबांची वही या व्याख्यानांच्या तीन वर्षं आधीची. ते ज्या काळात शिकत होते तो नेमका हा सांधा होता.

आता शब्दाकडे येऊ. ग्रीक भाषेत ‘फिलो’ म्हणजे प्रेम असलेला आणि ‘लोगोस’ म्हणजे शब्द, वचन, विचार. फिलॉलॉजी म्हणजे शब्दांची, वाङ्मयाची, विद्येची आवड. पाचव्या शतकात कार्थेजच्या मार्तियानुस कापेल्लाने लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात फिलॉलॉजी ही नवरी आहे, मर्क्युरी देव हा नवरा, आणि व्याकरण, तर्क, वक्तृत्व, भूमिती, अंकगणित, ज्योतिष, संगीत अशा सात विद्या तिच्या पाठराखिणी. मला हे चित्र फार आवडतं. नवरी ती आणि व्याकरण तिची पाठराखीण! म्हणजे तेव्हा फिलॉलॉजी नुसती भाषेची चिरफाड नव्हती. जे जे लिहिलेलं आहे ते नीट वाचता यावं म्हणून जे जे लागतं, ते सगळं तिच्या पदरात होतं.

या शब्दाला नवं वळण लागलं ते आपल्या देशात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघींत धातूंचं आणि व्याकरणाच्या रूपांचं इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि ते मूळ कदाचित आज उरलेलंही नसेल. असं साम्य त्याच्या आधीही काहींच्या लक्षात आलं होतं, पण जोन्सच्या बोलण्याने विद्वान कामाला लागले. १८१६ मध्ये जर्मनीत फ्रांत्स बॉपने संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशेजारी ठेवून दाखवली. तेव्हापासून शंभर वर्षं फिलॉलॉजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच यायचं : भाषा शेजारी शेजारी मांडा, ध्वनी कसे बदलले त्याचे नियम काढा आणि मागे मागे जा. पूर्ण नाव ‘कम्पॅरेटिव्ह फिलॉलॉजी’, तौलनिक. आजोबांच्या वेळी पुण्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते १९४९ मध्ये झालं. त्यांची परीक्षा मुंबई विद्यापीठाची असणार, आणि त्या विद्यापीठात या विद्येचं मानाचं पान होतं ती विल्सन व्याख्यानमाला. विल्सन कॉलेजचे संस्थापक रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या नावाची. मालवणला जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये तिथे सात व्याख्यानं दिली. संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि तिथून मराठी-हिंदी-गुजरातीपर्यंतचा सगळा उतार त्यांनी त्यात दाखवला. ती व्याख्यानं पुस्तकरूपाने आली १९१४ मध्ये. सदतीस वर्षांनी! पण त्या काळात मराठीच्या इतिहासावर काम करणाऱ्याला भांडारकरांना टाळून पुढे जाता येत नसे. १९१४ मध्येच झ्यूल ब्लोकचा मराठीवरचा प्रबंध पॅरिसमध्ये तयार झाला. तो १९२० मध्ये फ्रेंचमध्ये छापला गेला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. या पुस्तकाबद्दल पुढे एक गोष्ट सांगायची आहे.

आता तुमचा पहिला फोटो. शाई निळी, मधूनच तपकिरी झालेली. तीन रांगा आहेत :

हस्त – हत्थ – हात
सप्त – सत्त – सात
अष्ट – अट्ठ – आठ
कर्ण – कण्ण – कान
कर्म – कम्म – काम
दुग्ध – दुद्ध – दूध

पहिली रांग संस्कृत, दुसरी प्राकृत, तिसरी मराठी. हळू म्हणून बघा. संस्कृतात दोन वेगळी व्यंजनं एकमेकांना चिकटलेली आहेत. प्राकृतात ती एकसारखी झाली : स्त चा त्थ, प्त चा त्त, र्ण चा ण्ण. मराठीत त्या जोडीतलं एक गळालं आणि गेलेल्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. ह चा हा, स चा सा, दु चा दू. तोंडाला तेवढाच वेळ लागतो, वजन फक्त व्यंजनावरून स्वरावर गेलं. हा नियम शेकडो शब्दांना लागतो. लाखो माणसांनी, कुणी कुणाला न सांगता, पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिस्तीत शब्द बदलले, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तालिकेचं काम सोडून अर्धा तास नुसती बसून राहिले होते.

याच पानाच्या कडेला आजोबांनी पेन्सिलने लिहिलं आहे : “सच्चा? मग साचा का नाही?” हा प्रश्न ज्या मुलाला पडला त्याला ती विद्या कळली होती, हे मी खात्रीने सांगते. संस्कृत ‘सत्य’, प्राकृत ‘सच्च’. नियमाने मराठीत ‘साच’ व्हायला हवं. आणि ते झालंच होतं! ज्ञानेश्वरीत ‘साच आणि मवाळ’ असं येतं. मग ‘सच्चा’ कुठून आला? बाहेरून. हिंदीतून मराठीत आला, आणि हिंदीतसुद्धा तो पंजाबी बाजूने आलेला दिसतो, कारण पंजाबीत जोडाक्षर अजून शाबूत आहे. तिथे आजही हत्थ, सत्त, अट्ठ म्हणतात. ‘पक्का’चं तेच. पक्व या एकाच शब्दाचं आपलं घरचं रूप ‘पिका’ आणि ‘पिकणं’. आंबा पिकतो तो मराठी नियमाने आणि भिंत पक्की होते ती उत्तरेकडून आलेल्या शब्दाने. म्हणजे अपवाद दिसला की नियम मोडला असं समजायचं नाही. अपवाद सांगतो की इथे कुणीतरी पाहुणा आलेला आहे. आजोबांना उत्तर मिळालं की नाही ते त्या पानावर नाही. पुढच्या पानांवर शोधा. मला कळवा.

मग अशी विद्या जुनी का ठरली?

जिनीव्हात फर्डिनां द सोस्यूर नावाचे प्राध्यापक संस्कृत आणि तौलनिक व्याकरण शिकवत. त्यांचा स्वतःचा प्रबंध संस्कृतातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर होता. हा पुरता जुन्या घरातला माणूस. पण १९०७ ते १९११ या काळात त्यांनी विद्यार्थ्यांना वेगळंच सांगायला सुरुवात केली. शब्द कुठून आला हे कळलं म्हणजे भाषा कशी चालते ते कळलं असं नाही. आज, या क्षणी, बोलणाऱ्याच्या डोक्यात जी व्यवस्था आहे ती वेगळी अभ्यासावी लागेल. ‘हात’ हा हस्तपासून आला हे माझ्या आईला कधीच माहीत नव्हतं आणि तिचं मराठीवाचून काही अडलं नाही. सोस्यूर गेल्यावर १९१६ मध्ये त्यांच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून पुस्तक निघालं. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासकांपुढे तर अशा भाषा होत्या की ज्यांत पोथी नाही, शिलालेख नाही, एक कागद नाही. तिथे जुनं वाचायचं कसं? समोर माणूस बसवायचा, ऐकायचं, लिहून घ्यायचं. अभ्यासाचा विषय लिहिलेल्या भाषेवरून बोललेल्या भाषेवर आला आणि त्याला नाव मिळालं ‘लिंग्विस्टिक्स’.

पुण्यात हा बदल एकाच आवारात बघता येतो. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये सरकारने बंद केलं होतं, म्हणजे आजोबांनी वही लिहिली तेव्हा तिथे कुलूप होतं. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून उघडलं आणि कत्रे तिथे आले. त्यांच्या पुस्तकांवर त्यांचं पद छापलेलं असे : इंडो-युरोपियन फिलॉलॉजीचे प्राध्यापक. त्याच संस्थेत १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाविज्ञानाची शिबिरं भरली आणि देशभरातले तरुण नवी पद्धत शिकून गेले. अशोक केळकर कॉर्नेल विद्यापीठातून १९५८ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. अमृत माधव घाटगे स्वतः प्राकृताचे पंडित, पण त्यांनी कुडाळी, काणकोणची कोंकणी, कासरगोडची मराठी अशा बोलींची पुस्तकं तयार केली. त्यांत पोथी नाही. त्यांत माणसं बोलतात.

तर मुलाला सांगा, पाटी बदलली हे खरं. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फिलॉलॉजिकल असोसिएशननेसुद्धा २०१४ मध्ये आपल्या नावातून हा शब्द काढून टाकला. लंडनची १८४२ची फिलॉलॉजिकल सोसायटी, जिच्यात ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची कल्पना निघाली, ती मात्र अजून जुन्याच नावाने चालते, आणि रशियातल्या विद्यापीठांत आजही ‘फिलॉलॉजी’ची अख्खी विद्याशाखा असते. शब्द एका गावात म्हातारा होतो आणि दुसऱ्या गावात कामावर जातो.

निम्मं बरोबर म्हटलं, त्याचं उरलेलं निम्मं हे. भाषाविज्ञान वेगळं घर करून निघालं तेव्हा त्याने भाषेचा भाग नेला. फिलॉलॉजीचा दुसरा भाग मागे राहिला, तो म्हणजे जुनं लिखाण नीट वाचणं. एकाच ग्रंथाच्या दहा पोथ्या दहा तऱ्हेच्या असतात. लेखनिकाची नजर चुकते, ओळ गळते, कुणी भक्तीने दोन श्लोक वाढवतो. त्यातून मूळ पाठ कोणता हे पुराव्याने ठरवायचं, याला आपण पाठचिकित्सा म्हणतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतासाठी हेच केलं. १,२५९ हस्तलिखितं तपासली. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये मुख्य संपादक झाले, १९४३ मध्ये ते गेले, आणि काम पुरं झालं १९६६ मध्ये. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे, कारण पोथ्यांचा पुरावा तसा निघाला. माझ्या ओळखीतल्या एका आजींना हे ऐकून वाईट वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, कथा फेकली नाहीये हो, ती कुठून आली ते लिहून तिची जागा दाखवली आहे. सुखठणकरांची ही सचोटी मला फार मोठी वाटते. स्वतःला आवडणारं आहे म्हणून आत घेतलं नाही आणि नको आहे म्हणून पुसलं नाही.

आणि मराठीत तिला काय म्हणायचं, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर पैठणचं आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ज्ञानदेवांना होऊन तोवर जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती आणि प्रतींत फार गोंधळ झाला होता. एकनाथ लिहितात, ‘ग्रंथ पूर्वीच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध ।’ ग्रंथ मुळात शुद्धच आहे, बिघाड पाठांतरात, म्हणजे प्रतींतल्या पाठभेदांत आहे. तो शोधून त्यांनी प्रत सिद्ध केली. आणि बजावून ठेवलं की ज्ञानेश्वरीत जो स्वतःची मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. इतका मोठा कवी, स्वतः हजारो ओव्या रचलेला, ज्ञानदेवांच्या ग्रंथात स्वतःची एक ओळ घालत नाही. फिलॉलॉजीतली नियत मला इथे दिसते. एकनाथांनी वापरलेलं क्रियापद ‘शोधणं’ आहे, म्हणून मी या भागाला ‘पाठशोधन’ म्हणते. शब्दाच्या उगमाच्या भागाला ‘व्युत्पत्ती’ आहेच, कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६चा आहे. दोन्ही मिळून एक शब्द हवा असेल तर ‘वाङ्मयविद्या’ चालेल, पण खरं सांगायचं तर तुमच्या वहीवर जे लिहिलं आहे तेच ठेवा, फिलॉलॉजी. मराठीने यापेक्षा अवघड पाहुणे पचवले आहेत.

आता ती गोष्ट. मी जिथे नोकरी केली तिथे संगणक आला तेव्हा जागा करायची म्हणून कालबाह्य विषयांची यादी झाली. निर्लेखन, म्हणजे दाखल नोंदवहीतून पुस्तक बाद करणं, ग्रंथालयाला करावंच लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही यादी पुस्तकं उघडून झाली नव्हती, कार्डावरचा विषय बघून झाली होती. ‘फिलॉलॉजी’ हे शीर्षक जुनं, म्हणून त्याखालचं सगळं बाद. मी आईच्या आजारपणामुळे तीन आठवडे रजेवर होते. परत आले तर दोन खण रिकामे. वजनावर गेली होती पुस्तकं. पुढे दोनेक वर्षांनी अप्पा बळवंत चौकाजवळ फुटपाथवर एका ढिगात मला ‘मराठी भाषेचा विकास’ दिसलं. कण्यावर पांढऱ्या शाईत आकडा, आणि चारच्या आकड्याची ती तिरकी दांडी माझ्या हाताची. पंचवीस रुपयांना मी ते विकत घेतलं. आज हे उत्तर लिहिताना ते शेजारी उघडं आहे.

म्हणून म्हटलं, वही टाकू नका. पानं मोजा आणि पेन्सिलने कोपऱ्यात क्रमांक घाला. गंजलेल्या टाचण्या असतील तर हलक्या हाताने काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदाला खाते. लॅमिनेशन तर अजिबात नको. दिवसा खिडकीजवळ ठेवून प्रत्येक पानाचा वरून सरळ फोटो घ्या. आणि वर एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवा : कुणाची वही, कुठलं गाव, कुठे सापडली.

प्रश्न : सुखकर्ता दुःखहर्तामध्ये ‘संकटी पावावे’ की ‘संकष्टी पावावे’? आमच्या सोसायटीत दरवर्षी यावरून दोन तट पडतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : संकटी. पण नुसतं उत्तर देऊन तट मिटणार नाहीत, म्हणून कारण देते. ही पाठशोधनाचीच उजळणी आहे.

अक्षरं मोजून निकाल लागत नाही, दोन्हीत तीनच आहेत. अर्थाकडे या. ओळीत दोन मागण्या जोडीने आहेत : संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे. निर्वाणी म्हणजे अगदी शेवटच्या, निकराच्या वेळी. अडचणीत धावून ये आणि निकराला राख. ‘संकष्टी’ म्हणजे चतुर्थी घेतली तर देवाला महिन्यातून एकाच दिवशी पावायला सांगितल्यासारखं होतं आणि पुढच्या ‘निर्वाणी’शी जोड तुटते. आता संपादक विचारतो तो प्रश्न विचारू : दोन पाठांपैकी कुठल्यापासून दुसरा निघणं सोपं आहे? गणपतीच्या आरतीत ‘संकटी’ ऐकलं की घरोघर माहीत असलेली संकष्टी जिभेवर येणं अगदी स्वाभाविक. उलट, गणपतीसमोर उभं राहून कुणी संकष्टीचं संकटी का करील? म्हणून मूळ संकटी.

‘संकष्टी’ म्हणणाऱ्या आजोबांना मात्र आरती चालू असताना मध्येच थांबवू नका.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात ‘भाषाशास्त्र’ आहे, संदर्भपुस्तकात ‘भाषाविज्ञान’. परीक्षेत कोणतं लिहू? पहिलं जुनं झालं आहे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : प्रश्नपत्रिकेत जो शब्द असेल तो लिही, गुण कापले जाणार नाहीत. जुन्या मराठी लेखनात ‘भाषाशास्त्र’ हा शब्द फिलॉलॉजीसाठीही येतो आणि पुढे लिंग्विस्टिक्ससाठीही. ‘भाषाविज्ञान’ हा शब्द नव्या शाखेचं वेगळेपण दाखवायला अनेकांनी धरला. आज दोन्ही चालतात, आणि ना. गो. कालेलकरांसारख्यांचं लेखन वाचलंस तर शब्दापेक्षा विषय किती स्वच्छ मांडता येतो ते दिसेल. त्यांच्या ‘भाषा आणि संस्कृती’पासून सुरुवात कर. ‘शब्दशास्त्र’ दिसलं तर मात्र थांब, संस्कृत परंपरेत त्याचा अर्थ व्याकरण.

पतंजलीने महाभाष्याच्या, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथाच्या, सुरुवातीलाच म्हटलं आहे की घडा हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि म्हणतो, मला घडा करून दे. पण शब्द हवे आहेत म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन म्हणत नाही की मला शब्द करून द्या. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं वाक्य आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्याचं मराठी भाषांतर केलेलं आहे. तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात विचार. कार्डांची कपाटं अजून असतील तर खण उघडून स्वतः बघ, संगणकात न सापडलेलं पुस्तक तिथे सापडतं. आणि सापडलं की घरी घेऊन जा, तुझ्या नावाचा शिक्का पडू दे. कुणीतरी नेतं आहे असं दिसलं की ते पुस्तक बाद होत नाही.